ठिकाण क्रमांक चार

ग्वाल्हेरहून पहाटे निघालो तेव्हा
जीपमधल्या सगळ्यांना वाघ हवा होता.
मला हवी होती एक घसरगुंडी.

हसू नका, पुरावा आहे :
बाबांची मोजणीची वही, खाकी पुठ्ठ्याची,
ओव्हरसियर द. वि. बिडवई, बोरूच्या वळणाचं अक्षर.
‘शिवपुरी रान. सहलीचे ठिकाण क्र. ४.
सिमेंटचे ओटे तीन. झोपाळ्याचे खांब दोन.
घसरगुंडी एक, मोझॅक, उतार सहा फूट.
बॅडमिंटनची जागा चुन्याने आखणे.’
रविवारी लष्करहून बस भरून माणसं यायची,
स्टोव्ह, मळलेली कणीक, ट्रान्झिस्टर,
आणि मी, फ्रॉकच्या मागे पांढरी भुकटी.

नाक्यावरच्या नकाशात चार नव्हतंच.
वनरक्षक रामसिया आदिवासी जरा थांबून म्हणाला,
“दस मिनट, जिज्जी. हमाए पीछे-पीछे.”

काठीनं तो रायमुनिया सारत गेला
(घाणेरीला आम्ही ग्वाल्हेरचे रायमुनियाच म्हणतो).
पहिल्या ओट्याला वारूळ टेकून बसलेलं.
दुसरा दुभंगून मधून करधई आलेली.
तिसरा दिसला नाही, गुडघ्याला लागला.
खांब एकच. लोखंडाला भाव आहे.
नीलगायींच्या लेंड्यांचा ढीग
बरोब्बर सर्व्हिसच्या रेघेवर.
रेघ कुठली आता,
पण मला दिसते ना.

आणि घसरगुंडी.
तिच्या पोटाखाली साळिंदराचं बीळ.
हात फिरवला. मोझॅक अजून गार.
पर्समधली टेप काढून मोजलं :
साडेपाच.
अर्धा फूट मातीत गेला की बिलात,
बाबा असते तर चिडले असते.

रामसिया घसरगुंडीकडे बघतच नव्हता.
पलीकडे एका मोहाला टेकून उभा,
टोपी हातात.
“हमाए दादा को महुआ है जे.
जितै आप ठाड़ी हो, उतै चूल्हो हतो.”

मी उभी होते तिथे चूल होती.

किती घरं, विचारलं.
तो नावानिशी मोजू लागला, बोटांवर,
दोन्ही हात संपले
तरी कुणाची तरी आत्या उरलीच होती.

वही पिशवीत होती.
त्या पानावर सगळ्यात वर, ओट्यांच्याही आधी,
त्याच सुरेख अक्षरात एक ओळ आहे,
मी ती कधी वाचलीच नव्हती, नुसती बघितली होती :
‘जागा : मोकळी.’

वही बाहेर काढली नाही.
दहा मिनिटं केव्हाच उलटली होती.
निघताना त्यानं वाकून
चार फुलं उचलून माझ्या हातावर ठेवली,
आपल्या घरचं काही द्यावं तशी.

जीपमध्ये ठशांचे फोटो फिरत होते.
“काय हो बिडवईबाई, दिसलं का काही?”
“साडेपाच फूट,” मी म्हटलं.
सगळ्यांना वाटलं, वाघच.

मोहना येईपर्यंत
मूठ चिकटत राहिली.