नावावर

डुलूथच्या पतपेढीत मार्लिसबाईंनी
पिसलेले पत्ते मांडावेत तशी
तीन कार्डं टेबलावर मांडली.
एकावर विमान.
एकावर ‘पहिलं वर्ष फुकट’, आणि फुकटच्या शेजारी
इतकी बारीक चांदणी
की मला वाटलं चिलट बसलंय.
तिसरं करडं. चित्रबित्र काही नाही.
आधी तुझे दोनशे डॉलर आमच्याकडे ठेव,
मग तेवढ्याच दोनशेंची उधारी आम्ही तुला देऊ.

“म्हणजे माझेच पैसे मलाच उसने?”
“पैसे कसले,” त्या चष्मा पुसत म्हणाल्या,
“पत उसनी मिळते. आणि तिची सुरुवात
तुझ्याच खिशातून होते. मी नियम केले नाहीत, बाई.”

अठरा वर्षं, सहा आठवडे.
पहाटे तीनला बेकरीत राईचं पीठ मळते मी,
अर्जावर सही केली तर नखातलं पीठ सांडलं
टेक्ला आणि हार्यू यांच्या मधोमध.
वाटत होतं, माझं नाव कोरं आहे,
रात्री बर्फ पडून गेल्यावर
कुणी दार उघडण्याआधीचं अंगण.

मार्लिसबाई बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या.
मग स्क्रीन माझ्याकडे वळवली.

गॅस कंपनी. थकबाकी चारशे बारा डॉलर.
ग्राहक: टेक्ला हार्यू.
पाच वर्षांपूर्वीचा जानेवारी.

ग्राहक तेव्हा सातवीत होती.
ग्राहकाला अपूर्णांक येत नव्हते.
ग्राहक दोन स्वेटर घालून झोपायची,
आणि सरोवर दीपस्तंभापर्यंत गोठलं होतं त्या वर्षी,
घरातल्या घरात श्वास दिसायचा.

एका दुपारी आई फोनवर
माझ्या नावाचं एकेक अक्षर सांगत होती,
सावकाश, पलीकडच्याने चूक करू नये म्हणून.
मला वाटलं, स्केटिंगच्या वर्गात नाव घालतेय.
मी मोजे शोधून ठेवले.
संध्याकाळी तळघरात काहीतरी घुरघुरलं
आणि भिंतीतल्या जाळीतून
जळक्या धुळीचा वास आला. ऊब आली.
आईने जाळीवर पाय ठेवला
आणि ती तिथेच जमिनीवर बसली.

स्केटिंगचं पुढे काही झालं नाही.

मार्लिसबाईंनी एक फॉर्म सरकवला.
‘हे खातं मी उघडलेलं नाही.’
त्याखाली: ‘हे कुणी केलं, ठाऊक आहे का?’
दोन चौकोन. होय. नाही.
होयच्या पुढे पोलिसांसाठी चार ओळी मोकळ्या.

बाहेर बर्फ सारणारी गाडी गेली. काचा थरथरल्या.
मी चौकोनांकडे बघत राहिले.
एकात खोटं मावत होतं,
दुसऱ्यात आई मावत नव्हती.

“चारशे बारा मी भरले तर?”
“नोंद पुसली जाणार नाही. ‘भरलं’ असं लिहून येईल.”
“येऊ दे.”
त्यांनी फॉर्म परत खणात टाकला,
आणि मला न विचारता
करडं कार्ड पुढे केलं.

पहिली खरेदी: ओट्स,
धुराच्या अलार्मची बॅटरी. नऊ डॉलर चाळीस सेंट.
बसमध्ये तीनदा फोन उघडून पाहिलं,
रक्कम आपणहून वाढत तर नाही ना.
बिल यायच्या आधीच भरून टाकलं,
मार्लिसबाई म्हणाल्या होत्या, भ्यायचं असेल तर
तारखेला भी, कार्डाला नको.

रविवारी आईला ते ओट्याशी सापडलं.
तिने ते उलटं केलं, सुलटं केलं,
उंचवट्याच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला,
पुन्हा सुरुवातीपासून.
“स्पेलिंग बरोबर आहे,” एवढंच म्हणाली.
मी म्हटलं, “बरोबर असणारच.
नीट सांगितलं होतंस.”

तिने कार्ड ठेवलं. नळ सोडला.
धुवायला एकही भांडं नव्हतं.

रात्री कुणीतरी थर्मोस्टॅट दोन अंशांनी खाली केला.
मी उठून पुन्हा वर केला,
आणि जाळीपाशी उभी राहिले थोडा वेळ,
पायांत मोजे नव्हते.