कुंदेवाडीची नोंद

उद्या पेपरात येईल : निफाडचा पारा घसरला.
येऊ दे.
किमान तापमापीत पारा नसतोच, स्पिरिट असतं,
एकवीस वर्षं सांगतोय.
काल रात्री लहानू भोयेला सांगितलं
तर म्हणाला, "म्हंजे तीबी पिऊन पडलेली?"
आडवीच ठेवतात, म्हटलं.

एकतीस डिसेंबर. हायवेच्या ढाब्यांवर गाणी.
आम्ही कुशाऱ्यांच्या थॉमसनमध्ये, ओळीच्या तोंडाशी
छाटणीच्या काड्या, वर ओला पाला.
जाळ नको, धूर हवा.
मण्यांत पाणी उतरलंय, तडा गेला की संपलं.
जाळ उठला की लहानू मूठभर पाला टाकून
त्याला खाली बसवी,
पंगतीत मध्येच उठलेल्या पोराला बसवावं तसा.

तेवढ्यात भाचीचा व्हिडिओ. शाल्मली, जपानातून.
गवताचे झगे, लाल तोंडं, बर्फातून दोघे येतात,
दार धडाधडा वाजवतात :
रडकं पोर आहे का घरात? आळशी सून?
पोर किंचाळून आज्याच्या मांडीत घुसतं.
मग तोच राक्षस बैठक मारून बसतो,
दोन घोट घेतो, पीकपाणी चांगलं होवो म्हणतो, निघतो.

लहानूनं मोबाइल दोन्ही हातांनी धरला.
"फिरून लाव."
फिरून लावला.
"बोहाड्यात मी दोन साल सोंग नाचवलं.
डोळ्याला एवढंसं भोक.
पोरं भ्यायली की आतल्याला रडू येतं.
ते दिसत नाही कुणाला."
आणि काडीनं राख उकरत,
"ह्यालाबी येत आसंल."

सकाळी पांढऱ्या पेटीचं दार उघडलं. चार पूर्णांक दोन.
कुंपणापाशी नाशिकच्या गाड्या,
कानटोप्या घातलेली पोरं
गवतावर गोठलेल्या दवाचे फोटो काढतायत.
"काका, किती?"
सांगितलं तर टाळ्या.
कुणाचा राक्षस, कुणाचं सोंग,
आमच्याकडे थंडीत आकडा येतो.
जितका खाली, तितका मान.

शाल्मलीनं खाली लिहिलं होतं,
त्यांच्या झग्याचं गवत घरात गळतं
ते लगेच झाडत नाहीत.

स्वेटरच्या बाहीला एक काडी चिकटलेली,
अर्धी जळकी.
तापमान, दव, वारा, दृश्यता :
सगळे रकाने भरले.
काडी झटकायला हात उचलला,
मग वही तशीच मिटली.