पाच इंच की सात

मारिएहाम्नच्या त्या दुकानात आम्ही दोघं,
गुन्नेवी आणि तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे मी,
एका साडेपाच मीटरच्या होडीचे
निम्मे-निम्मे धनी.
इंजिन माझ्या वाट्याचं, असं ती म्हणते,
कारण ते बंद पडतं.

फळीवर मांडलेली यंत्रं,
सगळी चालू, सगळी एकाच खोट्या समुद्रात,
सगळ्यांवर तीच एक होडी, तांदळाएवढी,
जागच्या जागी सहा नॉटने निघालेली.

विकणारा पोरगा नम्र. तुरे नाव त्याचं.
म्हणाला, यात तळ दिसतो, मासे दिसतात,
अँटेना आतच, पाऊस लागला तरी चालतं,
आणि दरवर्षी नवे नकाशे मिळतात, पैसे भरून.
"खडक काय दरवर्षी बदलतात?"
तो हसला. ती नाही.

खरं तर बदलतात.
इथली जमीन अजून पाण्यातून वर येते आहे,
शंभर वर्षांत हातभर.
आजोबा जिथून वल्हवत चर्चला जायचे
तिथे आज मेंढ्या चरतात.
पण हे मी तिला तुरेसमोर कशाला सांगू.

मला सातवालं हवं होतं.
काचेला बोट लावलं की समुद्र सरकतो,
दोन बोटांनी फाकवला की खाडी अंगणाएवढी होते.
गुन्नेवीने पिशवीतून लोकरीचा हातमोजा काढला,
दाराशी कुत्र्यासाठी ठेवलेल्या वाडग्यात बुडवला,
हातात चढवला, पडद्यावर टेकवला.
नकाशा उडाला तो थेट लाटवियात.

मग तिने पाचवाल्याची बटणं दाबली, एकेक,
हेरिंगची डोकी मोडावीत तशी.
सगळी चालली.

"दोनशे नव्वद युरोंचा फरक," तुरे म्हणाला.
"जाळ्यांचा एक जोड," ती म्हणाली.
मी म्हणालो, पैसा काय बरोबर न्यायचाय?
जन्मात पहिल्यांदा म्हणालो असेन.
तेव्हाच तिला वास आला असणार.

तिने छोटं यंत्र माझ्यापुढे धरलं.
"खोली किती दाखवतंय?"
"आठ," मी म्हणालो.
तुरेने खाली पाहिलं, खिशातलं पेन काढलं,
परत ठेवलं.
"तीन," गुन्नेवी म्हणाली.

"कधीपासून?"
"मागच्या हेरिंगपासून."
म्हणजे अख्खा पानगळीचा हंगाम
मी तिला घेऊन त्या बेटांच्या दाटीतून
आलो-गेलो होतो,
खुणेच्या काठ्या नुसत्या पुसट,
आणि खडक ओळखले ते आवाजावरून:
सपाट खडक चपचपतो,
उभा खडक गिळतो.

मला वाटलं, आता ही सुकाणू मागेल.
मागितलं असतं तर दिलं असतं.

"पाचवालं बांध," तिने तुरेला सांगितलं.
"आकडे मी वाचीन. हा हाकेल.
बायकांचं ऐकायची सवय मात्र लागायला हवी,
आमच्या बहिणीने ती लावलीच नाही याला."

धक्क्यावर तिने चार स्क्रू आवळले, एक पाण्यात पाडला.
मग एक खडक घालायला बसली जो कुठल्याच नकाशात नव्हता,
हिल्मामावशीची होडी ज्यावर फुटली तो.
आमच्या गावात त्याचं नाव हिल्माचा गुडघा,
कारण तिचा तेवढाच दुखावला होता.
यंत्रात नावाला दहा अक्षरांची जागा.
तिने नुसतं 'गुडघा' लिहिलं
आणि जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिली,
कुणाच्या तरी पत्र्याच्या पेटीवर नाव घातल्यासारखी.

चौथ्या दिवशी धुकं.
पाणी दुधासारखं, वारा नाही,
ती पुढे बसलेली, यंत्राचा उजेड हनुवटीवर.
"चार. साडेतीन. तीन.
उजवीकडे घे. अजून. ऐकतोयस ना?"

मला तो कधीचा ऐकू येत होता,
डावीकडे, खोल, पाणी गिळणारा.
मी काही बोललो नाही.
"हो," एवढंच म्हणालो,
आणि ती म्हणेल तेवढंच वळवलं.