उघड्या डोळ्यांचा मुलगा

खानापूर. कौलांच्या भट्ट्यांचा धूर
मुलांच्या आधी शाळेत पोचतो.
फाटकावरच्या पाटीवर वर कन्नड, मध्ये इंग्रजी,
त्याखाली मराठीपुरती जागा.
तिथं गंज.

पावणेनऊला वरच्या व्हरांड्यात
कॉन्स्टन्स बाई पेटी उघडतात.
काळी चार दाबली की वर येत नाही,
म्हणून आमच्या प्रार्थनेत एक सूर
आमेनपर्यंत भुणभुणत राहतो.

मी इथं मराठी शिकवते. आडनाव घाडी,
गळ्यात मंगळसूत्र,
सोमवारी प्रार्थना सांगायची पाळी माझी.
एकोणीस वर्षं सांगतेय,
भाकरीविषयी, माफीविषयी,
आणि ज्या बापाला सगळ्यांची नावं तोंडपाठ आहेत
त्याच्याविषयी.
मला हजेरीपट बघावा लागतो.

मुलं आपापल्या तोंडानं म्हणतात.
इरव्वाच्या तोंडात भाकरीची रोट्टी होते.
तब्बसुम नुसते ओठ हलवते.
मिंगेल सगळं एका दमात संपवतो,
त्याला हेच रात्री घरी
गुडघ्यांवर पुन्हा म्हणायचं असतं.

त्या वर्षी दसऱ्यानंतर परशराम गुरव आले.
रवळनाथाचे पुजारी.
ऑफिसच्या दाराबाहेर चप्पल काढली,
मग आपण कुठं आहोत ते आठवून
पुन्हा घालावी की नको, असे उभे राहिले.
"भांडायला आलो नाही की मी, सिस्टर.
शिकवणं चांगलं हाय, पोरगं इथंच ऱ्हाणार.
पण उद्या ह्यानं आमच्यात घंटा धरायची.
दुसऱ्याच्या देवापुढं डोळं मिटलं
तर आमच्या देवाला मी काय सांगू?"

सिस्टर हर्मिना मंगळूरच्या. मराठी बोलताना
एकेक शब्द ताटात वाढतात.
बराच वेळ काही वाढलं नाही.
मग रवळूकडं बघून म्हणाल्या,
"मिटू नको. उघडे ठेव.
आणि उघडे ठेवणारच, तर
मुलं मोज."

तो मोजू लागला.
आमेन झालं की आकडा सांगायचा, घसा खाकरून,
तलाठ्यासारखा.
पोरं हसली आठवडाभर. मग सवय झाली,
आकड्याशिवाय रांग हलेना.
मधल्या वेळी तो मला सांगायचा
प्रार्थनेत काय काय घडतं ते:
कॉन्स्टन्स बाईंच्या चपलेचा अंगठा दोऱ्यानं शिवलाय,
दुसरीतला एकजण देवाशी बोलताना पेन्सिल खातो,
"आणि बाई, तुमी पण एक डोळा उघडतायसा की."

फेब्रुवारीतला एक मंगळवार.
आमेन झालं. आकडा येईना.
"फाटकातनं आत आले एकशे बारा.
हितं एकशे अकरा."
पुन्हा मोज, म्हटलं.
त्यानं मोजलंच नाही. जिन्याकडं पळाला.

सात पायऱ्या. खाली लक्षव्वा,
पायाला पट्टा, बुटाला लोखंड.
रोज भाऊ उचलून आणायचा, आज त्याला ताप.
हात जोडलेले.
तिची प्रार्थना अजून चालली होती,
आमचं कधीच संपलं होतं.
किती दिवस भाऊ होता म्हणून
आम्हाला जिना दिसला नव्हता.

बुधवारपासून प्रार्थना खाली आली,
धुळीत, फणसाच्या झाडाखाली.
पेटी चौघांनी उतरवली. पाचव्या पायरीवर आपटली
आणि काळी चार आपोआप सुटली.
आता तो सूर नाही.
सोमवारी मला मधेच
काहीतरी विसरल्यासारखं होतं.

परशराम गुरवांना उत्तर मिळालं का, ठाऊक नाही.
पुन्हा कधी विचारायला आले नाहीत.
रवळनाथाच्या जत्रेचं बोलावणं मात्र
दरवर्षी रवळूच्या हाती येतं.
सिस्टर जातात. खांबाशी उभ्या राहतात.
नगारा सुरू होतो, सगळं गाव डोळे मिटतं,
त्या मिटत नाहीत.
ओठ हलत असतात.
काय मोजतात कुणास ठाऊक.