कूलर बंद झाल्यावर

रात्री दहाला लॅब बंद होते.
मेडिकल चौकातून शेअर ऑटो मिळतो मानेवाड्यापर्यंत,
पुढचं सगळं पायी:
आधी पंक्चरवाला, मग संत्र्यांच्या रिकाम्या पेट्यांचा ढीग,
मग गेल्या दिवाळीपासून मिटलेला तो खांब,
आणि खांबापासून आमच्या फाटकापर्यंत
एकशे ब्याऐंशी पावलं.

मोजली आहेत.
चप्पल कुठली घालायची तेही ठरलेलं आहे,
पट्ट्याची, धावताना निघत नाही.
ओढणीला गाठ. किल्ली बोटांच्या मधे.
आणि बंद फोन कानाला लावून बाबांशी बोलणं,
"हो, आलीच, फाटकाशी उभे राहा."
बाबा जाऊन सहा वर्षं झाली,
तरी रोज रात्री मी त्यांना
फाटकाशी उभं करते.

मे महिना. अकरा वाजत आले तरी भिंती भाजलेल्या.
गल्लीतल्या प्रत्येक खिडकीत कूलर,
ओल्या वाळ्याचा वास, नालीत ठिबकणारं पाणी,
आणि तो आवाज,
रात्रभर कुणी वीस पिठाच्या गिरण्या
सुरूच ठेवल्यासारखा.

मोटरसायकल मागून येते तेव्हा आधी उजेड येतो.
माझी सावली समोरच्या भिंतीवर चढते,
मोठी होत जाते,
माझ्यापेक्षा खूपच मोठी.
तो गाडी माझ्या चालीने चालवतो.
काय बोलतो ते मी इथे लिहिणार नाही.
त्याच्या शब्दांना कवितेत जागा मिळू नये.

त्या मंगळवारी त्याने ओढणी धरली.
मी ओरडले. पहिल्यांदाच, पोटातून.
वीस घरं, वीस कूलर.
माझा आवाज धकात्यांच्या खिडकीपर्यंत गेला,
वाळ्याच्या ताटीवर आपटला
आणि पाण्यासोबत नालीत गळून गेला.

तेवढ्यात लाइट गेली.

अख्ख्या गल्लीची.
पाती फिरत फिरत मंदावली, थांबली,
आणि त्या शांततेत माझं "सोड"
एवढं मोठं ऐकू आलं
की मीच दचकले.

दारं उघडली. माणसं बाहेर आली,
माझ्यासाठी नाही, वाऱ्यासाठी.
बनियनवर धकाते, पुठ्ठ्याने वारा घेत,
खाट ओढत पराते काकू,
टॉर्च घेऊन निनाव्यांची नात.
"कोण व्हय ते? काहून ओरडून राह्यली?"

टॉर्चचा उजेड त्याच्या तोंडावर पडला.
दरवर्षी गणपतीची वर्गणी मागायला येतो तो.
पावतीवर माझं नाव शुद्ध लिहितो,
पुढे "ताई" लावून.
म्हणाला, "पत्ता विचारत होतो."
स्वतःच्याच गल्लीत.

दुसऱ्या दिवशी समाजभवनात बैठक.
कॅमेऱ्याचं ठरलं, खांबासाठी अर्ज झाला,
पोराच्या बापाने हात जोडले,
पोट्ट्याची नोकरी लागायची आहे अजून.
आणि मागून कुणीतरी, फार मायेने,
"दिवसाची ड्यूटी मागून पाह्य ना बाप्पा."
माना हलल्या.
आई चटईची काडी उपसत होती,
तिची मान हलली की नाही
हे मी पाहायचं टाळलं.

कॅमेरा आलेला नाही.
खांब तसाच. मीही त्याच ड्यूटीवर.
तो आता मागच्या गल्लीने जातो,
तिथल्या मुली माझ्या ओळखीच्या नाहीत.
हे वाक्य लिहून
मी बराच वेळ थांबले होते.

झालंय ते एवढंच
की पावणेअकराला पराते काकू कूलर बंद करतात,
नवऱ्याच्या शिव्या खात, उलट दोन देत,
खाट फाटकाबाहेर टाकतात.
काल निनाव्यांचाही बंद होता.
बाकी अठरा सुरू.

चौऱ्याहत्तराव्या पावलाला काकूंचा खोकला ऐकू येतो.
"आली का वं?"
"आली."
मी कानाचा फोन खाली घेते.
बाबांना म्हणते,
बसा आता.