ओंडके

चर्चच्या वहीत तिचं वय चौऱ्याण्णव.
ती म्हणायची सत्त्याण्णव,
कारण आमच्या बेटावर पाद्री होडीने यायचा
आणि त्या वर्षांत वारा त्याच्या बाजूने नव्हता.
तीन वर्षं बिननावाची हिंडली म्हणे, मेंढ्यांच्या मागे.
बारशाच्या पाण्यापर्यंत
स्वतःच्या पायांनी चालत गेली: क्लोदोमिरा.
नावं ठेवणारे पुढे पुष्कळ भेटले.

चिलोएच्या पुरुषांचं एक असतं,
लोकर कातरायला दक्षिणेला जातात
आणि दक्षिण त्यांना ठेवून घेते.
आजोबांची दोन पत्रं आली.
दुसऱ्यात पैसे होते.
मग दीर आला, दोरी घेऊन, जमीन मोजायला.
ती म्हणाली, मोजा.
जमीन तुमची. घर माझं.
याची एकेक फळी मी ठोकलीय.

आणि तिने मिंगा बोलावली.

मी हे पाहिलेलं नाही. आई तेव्हा नऊ वर्षांची,
पण तिच्या डोळ्यांनी इतक्यांदा पाहिलंय
की चिखलाचा वासही येतो:
बैलांच्या सहा जोड्या, घराखाली सायप्रसचे ओंडके,
दोराला खांदा दिलेलं अख्खं गाव,
मजुरी कुणालाच नाही, जेवण सगळ्यांना.
घर उतारावरून किनाऱ्याला आलं,
भरतीची वाट बघत रात्रभर उभं राहिलं
आणि पहाटे चार होड्यांच्या मागून
समुद्रावर चालू लागलं.
आत कुणी थांबायचं नसतं.
ती थांबली. चूल विझू द्यायची नव्हती तिला.
पलीकडच्या लोकांना आधी फक्त धुकं दिसलं,
मग धुक्यातून येणारं घर,
आणि त्याच्या धुराड्यातून धूर.

सव्वीस वर्षांनी आजोबा परतले.
एक पिशवी, एक खोकला.
तिने काही विचारलं नाही, आधी सूप वाढलं.
तसं ती सगळ्यांनाच वाढायची,
वाट चुकलेल्या कोळ्यांना,
विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला,
एकदा पोलिसांपासून पळणाऱ्या एका पोराला,
आणि त्याच रात्री, त्याच भांड्यातलं,
मागावर आलेल्या पोलिसाला.
(पोरगा तेव्हा माळ्यावर, बटाट्यांच्या पोत्यामागे.)
आजोबांना होडीघरातली खोली दिली,
जाड मोजे विणून दिले,
दोन हिवाळे त्यांचं सगळं केलं, अंथरुणातलंसुद्धा.
चुलीजवळची खुर्ची मात्र दिली नाही.

मी विचारलं होतं, अजून राग आहे?
ती बटाटे सोलत होती, जांभळे, बोटाएवढे.
‘राग कसला ग.
ती माझी बसायची जागा आहे.’

ती त्र्याऐंशीची असताना मामाने तिची होडी विकली,
तिच्याच भल्यासाठी.
ती एका शब्दाने बोलली नाही त्याला.
हिवाळाभर विणत राहिली.
वसंतात लोकरीचं गाठोडं घेऊन, दुसऱ्याच्या लाँचमधून
बाजाराला गेली,
येताना वल्हवत आली.

परवा तिला चर्चच्या किनाऱ्याला नेलं.
तिने न वल्हवलेली ती एकच होडी.
नऊ दिवस प्रार्थना, नऊ दिवस माणसं,
कोण कुठल्या बेटावरून, ओळख सांगायची तर
प्रत्येकाची सुरुवात एकच:
‘एकदा धुकं फार होतं तेव्हा…’
आम्हाला चमचे कमी पडले.

नवव्या रात्री मामा-मावश्या घराचं बोलू लागले.
पर्यटकांना भाड्याने द्यावं, की पाडून
लाकूड विकावं, की पुंता अरेनासला राहणाऱ्या मला
त्यात वाटा असावा का.
मी उठले. कोंबडी घराखाली अंडी घालते,
ती तेवढी काढून आणते म्हटलं.

पोटावर सरपटत आत गेले, टॉर्च दातांत.
अंडी तीन होती.
आणि ओंडके.
अडुसष्ट वर्षं झाली घराला इथे येऊन,
तिने ते काढू दिले नव्हते,
एक नाही, दोन नाही, सगळे तसेच,
तोंडं समुद्राकडे.
हात लावला, बोटं बुळबुळीत झाली.
चरबी ताजी होती.