मैदानाचे क्षेत्रफळ

पर्वरीहून आलेल्या तक्त्यात सातवा रकाना:
मैदानाचे क्षेत्रफळ, चौरस मीटरमध्ये.
आठवा: साहित्य.
नववा: शारीरिक शिक्षणाच्या तासाचे नियोजन,
पहिली ते चौथी, वेगवेगळे.

माझी पहिली ते चौथी
एकाच खोलीत, एकाच फळ्यासमोर बसते.
सतरा मुलं. आज पंधरा,
कारण वेळीपांची जुळी काजू वेचायला गेली आहेत.
तिथे ती चढतात, वाकतात, उड्या मारतात,
डोक्यावर ओझं घेऊन उतरणीला तोल सांभाळतात.
हे कुठल्या रकान्यात भरायचं
ते प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं.

मैदान म्हणजे देवळाच्या कमिटीची जागा.
शिगम्यात ती आमची नसते.
मधे फणस. त्याच्या मुळाला अडखळून पडलेला
आऊट धरत नाही, हा आमचा नियम.
खालच्या अंगाला चिऱ्यांच्या खाणीचा जुना खड्डा,
तिथे मी सुंभाची दोरी बांधली आहे.
चेंडू दोरीपलीकडे गेला तर उतरायचं फक्त टीचरने.
जूनपासून एकवीस वेळा उतरले,
साडी खोचून.

टेप होती, पण शिंप्याची, दीड मीटरची.
म्हटलं, चला, पावलांनी मोजू.

चपला पायरीवर निघाल्या.
दर्पण म्हणाला त्र्याण्णव.
संपदा एकशे अठरा,
ती टाचेला अंगठा चिकटवत गेली, मान खाली,
जणू जमिनीत टाके घालते आहे.
ज्योकीम उड्या मारत गेला: चाळीस,
त्यातल्या दहा थापा.
मुक्ता झोरे धनगरवाड्यावरून
रोज सकाळी दोन टेकड्या उतरून येते.
ती बसूनच होती. म्हणाली,
"पन्नास, टीचर. मी डोळ्यांनी मोजलं."
मी तिला उठ म्हटलं नाही.

आणि सोयरू, पहिलीतला.
त्याला एकोणतीसपर्यंतच येतं.
एकोणतीस झाले की थांबायचा,
आभाळात काही लिहिलंय का बघायचा,
आणि पुन्हा एक.
फणसापाशी रेषा वाकली, तोही वाकला.
दोरीपाशी पोचला, वळला.
एक. दोन. तीन.
मी शिट्टी वाजवली. त्याला ती
दुसऱ्या कुणासाठी वाटली असावी.

मग दर्पण त्याच्या मागे लागला, चिडवायला.
मग संपदा.
मग सगळी, एकोणतीस म्हणून ओरडत
आणि पुन्हा एक,
चौथीतली सुद्धा, ज्यांना हजारापर्यंत येतं.
बसलेल्या गाई उठल्या, बाजूला झाल्या.
मुक्ता कधी उठली ते दिसलं नाही,
ती सर्वांत पुढे होती.

मी शाळेत असताना शारीरिक शिक्षण म्हणजे
उन्हात रांग, एक हात अंतर,
पुढच्या मुलीची लाल रिबीन
आणि सरांची सावली पायांवरून जाईपर्यंत
न हलणं. त्यात मी नेहमी पहिली यायचे.

करवंट्या मांडल्या होत्या बावीस,
ठरवून, वहीत आकृती काढून: पहिलीचा गट इथे,
तिसरीचा तिथे, झिगझॅग, तोल, नेम.
त्या तशाच राहिल्या. काही लाथाडल्या गेल्या.
पस्तीस मिनिटं कुणीच आऊट झालं नाही.
शेवटच्या फेरीत मीही मागे लागले होते,
हळू, गुडघा सांभाळत.

"टीचर, हांव विसरलों," सोयरू म्हणाला,
घामाघूम, पायरीवर चपला शोधताना.
काय विसरला?
"कितें मेजतालों तें."

सांग्याची बस वळणावर हॉर्न देत होती.

रात्री तक्ता घेऊन बसले.
सातव्यात लिहिलं अंदाजे बाराशे. खोडलं.
लिहिलं: मोजणी चालू आहे.
नववा कोरा ठेवला, सकाळी बघू.
आठव्यात: चेंडू एक, हवा जाणारा.
रिंगा दोन. शिट्टी एक. करवंट्या वीस.
आणि दोरी,
खड्ड्यासाठी, नवी हवी, लवकर.